इंत्रुज, कार्निव्हल आणि बुधवारची राख

सावंतवाडीकर (धागाकर्ता)

गेली २२ वर्षे मी नोकरीच्या निमित्ताने पणजीत राहतो. जानेवारी सरत आला की मुंबई-पुण्याकडच्या नातेवाइकांचे फोन सुरू होतात आणि सगळ्यांचा प्रश्न एकच असतो : यंदा कार्निव्हल कधी? मी तारीख सांगतो. पाहुणे येतात, शनिवारी दुपारी मांडवीकाठी लोखंडी कठड्याला रेलून दोन-तीन तास चित्ररथ पाहतात, मोमो राजाचा, म्हणजे कार्निव्हलपुरत्या सोंगाच्या राजाचा, लांबून का होईना एक फोटो काढतात आणि रविवारी रात्रीच्या बसने परत जातात. हा सगळा थाट शनिवारी सुरू होऊन मंगळवारीच का आटोपतो, बुधवारी असे काय असते, हे त्यांच्यापैकी कोणीही मला कधी विचारलेले नाही. खरे सांगायचे तर पहिली पाच-सहा वर्षे मलाही ते विचारावेसे वाटले नव्हते.

ते कळले एका सहकाऱ्यामुळे. त्याचे घर दक्षिण गोव्यातल्या सासष्टीत आहे. इंत्रुजच्या, म्हणजे कार्निव्हलच्या, एका रविवारी तो मला आग्रहाने गावी घेऊन गेला. दुपारी सोरपोतेल आणि सान्नांचे जेवण झाले, ऊन कलले, आणि रस्त्यावरून कॉर्नेट आणि ढोलाचा आवाज आला. एका टेम्पोतून दहा-बारा माणसे उतरली. त्यांतल्या दोघांनी बायकांचे झगे घातले होते आणि एकाच्या मिशीवर चेहऱ्याची पावडर तशीच राहिली होती. रंगमंच नाही, पडदा नाही, ध्वनिक्षेपकही नाही. घरची मंडळी बाल्कांवावर, म्हणजे दारापुढच्या ओसरीवर, बसली, वाड्यावरची मुले आवाराच्या भिंतीवर चढली आणि मधल्या अंगणात खेळ उभा राहिला. गोव्यात याला 'जमनीवयलो खेळ' म्हणतात. कथा साधीच होती. भाटकार, म्हणजे जमीनमालक, मुंडकाराने, म्हणजे त्याच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्या कष्टकऱ्याने, उतरवलेले नारळ मोजतो आहे. दहापर्यंत पोचला की कोणीतरी त्याला हाक मारते, मग तो पुन्हा एकपासून सुरुवात करतो, आणि तेवढ्यात मुंडकाराची बायको मागच्या मागे एक नारळ लांबवते. शेवटी भाटकारापाशी मोजायला स्वतःची बोटेच उरतात. ज्या अंगणात हे चालले होते ते घर जुन्या भाटकाराचेच होते. सहकाऱ्याचे ऐंशीच्या घरातले वडील डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होते, आणि खेळ संपल्यावर त्यांनीच उठून नायकाच्या हातात पाकीट ठेवले.

बुधवारी सकाळी तोच सहकारी कपाळावर राखेचा क्रॉस घेऊन कार्यालयात आला. दुपारी त्याने डबा उघडला तेव्हा त्यात पेज आणि लोणचे एवढेच होते. "आता ईस्टरपर्यंत करेज्म," म्हणजे उपवासकाळ, असे म्हणून तो जेवायला बसला. त्या दिवशी माझ्या डोक्यात कार्निव्हलचा अर्थ पहिल्यांदा नीट बसला.

शब्दाकडे पाहिले तरी तेच दिसते. 'कार्निव्हल' हा शब्द लॅटिनमधल्या मांस दूर सारणे या अर्थाच्या शब्दांपासून आला असे भाषेचे अभ्यासक मानतात. "मांसा, तुझा निरोप घेतो" ही सर्वत्र ऐकू येणारी व्युत्पत्ती गोड असली तरी मागाहून जुळवलेली आहे. गोवेकरांचा स्वतःचा शब्द मात्र कार्निव्हल नाही, इंत्रुज आहे. तो पोर्तुगीज 'एंत्रूदो'वरून आला आणि एंत्रूदो लॅटिनमधल्या 'इंत्रोइतुस'वरून, म्हणजे प्रवेश. कशात प्रवेश? तर ईस्टरपूर्वीच्या, बुधवारी सुरू होणाऱ्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळात. म्हणजे एक शब्द मांसाला निरोप देणारा आणि दुसरा उपवासाच्या दारात उभा राहिलेला; दोन्ही शब्दांचे तोंड बुधवारकडेच आहे.

आज पणजीत दिसणारी चित्ररथांची मिरवणूक १९६५ साली सुरू झाली. गोवा मुक्त होऊन जेमतेम तीन वर्षे झाली होती. तिमोतेओ फर्नांडिस या संगीतकाराने पुढाकार घेऊन रिओच्या धर्तीवर ती उभी केली आणि तोच पहिला मोमो राजा झाला. पुढे पर्यटन खाते आले, नगरपालिका आल्या, पुरस्कर्ते आले. आता शनिवारी पणजी, रविवारी मडगाव, सोमवारी वास्को आणि मंगळवारी म्हापसा असा तिचा फेरा ठरलेला आहे. माझे म्हणणे असे की ज्याला बुधवार नाही तो कार्निव्हल नव्हे, ती नुसती मिरवणूक. सभासदांना काय वाटते ते वाचायला आवडेल.

तिथीवार

लेख आवडला. तुम्ही वाराबद्दल लिहिले आहे, मी तिथीबद्दल लिहितो, कारण या सणाचे पंचांग आपल्या पंचांगाच्या फार जवळून जाते आणि तिकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही.

ईस्टरचा नियम असा की २१ मार्च रोजी किंवा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेनंतरचा रविवार म्हणजे ईस्टर. (चर्चची पौर्णिमा कोष्टकातली असते, आकाशातली नव्हे, त्यामुळे क्वचित फरक पडतो.) त्या रविवारच्या ४६ दिवस आधी राखेचा बुधवार. मधले सहा रविवार उपवासात धरत नाहीत, म्हणून उपवास नेमका ४० दिवसांचा होतो. इंत्रुजचा मंगळवार त्याच्या आदल्या दिवशी, म्हणजे ईस्टरच्या ४७ दिवस आधी. आता पौर्णिमेपासून दीड चांद्रमास मागे गेलात तर कुठे पोचाल? अमावास्येपाशी. म्हणून इंत्रुजचा मंगळवार नेहमी अमावास्येच्या आसपास पडतो आणि महाशिवरात्र बहुधा त्याच्या शेजारी असते. २०२६ साली तो १७ फेब्रुवारीला, थेट माघ अमावास्येला आला. २०२३ साली पणजीतल्या मिरवणुकीचा शनिवार, १८ फेब्रुवारी, हाच महाशिवरात्रीचा दिवस होता. एका शेजाऱ्याचा उपवास चालू होता आणि दुसरा उपवासापूर्वीची चंगळ करत होता.

होळी बहुतेक वर्षी त्यानंतरच्या पौर्णिमेला येते. २०२५ साली इंत्रुज ४ मार्चला संपले आणि १४ मार्चला धुळवड होती. मात्र फाल्गुनी पौर्णिमा २१ मार्चच्या पुढे गेली की ईस्टर तिलाच धरतो आणि इंत्रुज एकदम महिनाभर मागे सरकते. २०२४ साली तसे झाले, तेव्हा इंत्रुज १३ फेब्रुवारीला संपले होते आणि होळी २४ मार्चला पेटली.

शंकेखोर

धागाकर्त्यांचा खेळाचा प्रसंग सुरेख आहे, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही. 'खरा कार्निव्हल' आणि 'नुसती मिरवणूक' अशी वाटणी करायला बसलात तर जगात खरा कार्निव्हल फारसा उरणार नाही.

व्हेनिसचे मुखवटे पाहायला लोक आज जगभरातून जातात. तिथला कार्निव्हल १७९७ साली प्रजासत्ताक कोसळल्यावर विझला आणि १९७९च्या सुमारास पुन्हा उभा केला गेला. मध्ये पावणेदोनशे वर्षांची खिंड आहे. रिओत तर जुना एंत्रूदो, म्हणजे एकमेकांवर पाणी, पीठ आणि अंडी फेकण्याचा दंगा, एकोणिसाव्या शतकात पोलिसांनी मोडून काढला. सांबा शाळांची, म्हणजे सांबा नाचाच्या पथकांची, पहिली स्पर्धा १९३२ची, आणि ज्या सांबाद्रोमोची चित्रे आपण पाहतो तो ऑस्कर निमायरने आखलेला काँक्रीटचा रस्ता १९८४चा. लंडनच्या नॉटिंग हिलमध्ये तर कार्निव्हल ऑगस्टअखेर असतो; तिथे ना उपवास, ना राख. त्याला तुम्ही काय म्हणणार?

आपल्या घरचेच उदाहरण घ्या. १८९३ नंतरचा सार्वजनिक गणेशोत्सव मुद्दाम रचलेला आहे हे सर्वांना ठाऊक आहे. म्हणून तो कोणी खोटा मानत नाही. मग १९६५च्या पणजीवरच एवढा राग कशासाठी? मुक्तीनंतरच्या गोव्याला आपला चेहरा जगाला दाखवायचा होता आणि त्याने हा दाखवला. आवडला नाही तर तसे म्हणा, पण त्याच्या खरेपणाची परीक्षा बुधवारच्या डब्यावरून घेऊ नका.

वसईकरीण

मी कॅथलिक घरातली, वसईची. शंकेखोर यांच्याशी निम्मी सहमत आहे, पण त्यांनी बुधवारला डबा म्हणून बाजूला सारले ते मला खटकले.

आमच्याकडे राखेच्या बुधवारी कपाळाला लावायची राख विकतची नसते. आदल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारी, चर्चमध्ये आशीर्वाद देऊन वाटलेल्या झावळ्या घरोघरी क्रुसामागे खोचलेल्या असतात. वर्षभरात त्या वाळून पिवळ्या पडतात. त्या परत गोळा करतात, जाळतात आणि त्यांचीच राख होते. धर्मगुरू अंगठ्याने ती कपाळाला लावतात आणि "तू माती आहेस आणि मातीला मिळशील" असे म्हणतात. माझी आजी मंगळवारी रात्री मटणाचे मोठे पातेले राखेने घासून, पुसून, माळ्यावर पालथे घालायची. ते पातेले ईस्टरच्या आदल्या रात्री खाली उतरायचे. लहानपणी मला माळ्यावरचे ते पातेले फार मोठे आणि दुष्ट वाटायचे.

तरीही एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. उपवासकाळ हा चर्चचा आहे, कार्निव्हल हा चर्चचा सण कधीच नव्हता. चर्चने त्याला चालवून घेतले, कधी दटावले, कधी दुसरीकडे पाहिले. पीटर ब्रुगेल या चित्रकाराचे १५५९ सालचे एक चित्र व्हिएन्नाच्या संग्रहालयात आहे. त्यात गावच्या चौकात कार्निव्हल आणि उपवास यांची लढाई चालली आहे. कार्निव्हल म्हणजे पिंपावर घोड्यासारखा बसलेला ढेरपोट्या माणूस. डोक्यावर मांसाची कचोरी, हातात डुकराचे मुंडके खोचलेली सळई. समोर उपवास म्हणजे हाडांचा सापळा झालेली बाई; तिचे हत्यार म्हणजे लांब दांड्याचे फावडे आणि त्यावर दोन सुके मासे. गंमत अशी की चित्रात कोणीही जिंकत नाही. दोघांच्या मागे गाव आपापल्या कामात गुंतलेले आहे. मला ते चित्र दोन्ही बाजूंना न्याय देणारे वाटते. गोव्यातही चर्चने चित्ररथांच्या कार्निव्हलशी आपला संबंध नाही असे वेळोवेळी म्हटले आहे, आणि त्यात नवे काही नाही.

ऱ्हाईनकाठी

जर्मनीतल्या कोलोनमध्ये ११ वर्षे राहिलो, म्हणून लिहितो. शंकेखोर यांच्या यादीत हे शहर असायला हवे होते, कारण दोन्ही बाजूंचा पुरावा इथे सापडतो.

कोलोनचा कार्निव्हल जुना आहे, पण आजचे रूप समितीने ठरवलेले आहे. १८१५ नंतर शहर प्रशिया या जर्मन राज्याच्या ताब्यात गेले आणि १८२३ साली इथल्या प्रतिष्ठित नागरिकांनी समिती स्थापन करून सोमवारची पहिली मिरवणूक काढली. म्हणजे पणजीच्या आधी १४२ वर्षे तेच झाले. फरक असा की इथल्या समितीने थट्टेलाच गणवेश चढवला. 'रोटे फुंकेन' नावाचे पथक जुन्या शहरसैनिकांचा लाल-पांढरा पोशाख घालून कवायत करते आणि भर कवायतीत दोन सैनिक पाठीला पाठ लावून, किंचित वाकून, एकमेकांना बूड घासत नाचतात. प्रशियाच्या शिस्तीला दिलेले हे उत्तर दोनशे वर्षांनंतरही तितकेच गंभीर चेहऱ्याने दिले जाते. राजपुत्र, शेतकरी आणि कुमारी असे तिघे दर वर्षी निवडले जातात आणि कुमारी हा पुरुषच असतो. १९३८ आणि १९३९ साली नाझी राजवटीने तिथे बाई बसवली, कारण पुरुषाने लुगडे नेसणे (माझा शब्द) त्यांना खपत नव्हते. सत्तेला कार्निव्हलमधले नेमके काय बोचते ते यावरून कळावे.

मोसम ११ नोव्हेंबरला सकाळी ११ वाजून ११ मिनिटांनी उघडतो. पण खरे दिवस उपवासाआधीचेच. गुरुवारी बायका कात्री घेऊन कचेऱ्यांत फिरतात आणि दिसेल त्या पुरुषाचा टाय कापतात; माझा पहिला टाय बँकेच्या रांगेत गेला. सोमवारी रथांवरून गोळ्या-चॉकलेटे उधळतात, त्यांना 'कामेले' म्हणतात. जाणकार कोलोनकर पाऊस नसला तरी छत्री नेतो आणि ती उलटी उघडून धरतो.

आणि मंगळवारची रात्र. चार-पाच दिवस दारूच्या गुत्त्यांच्या दारावर एक पेंढ्याचा माणूस टांगलेला असतो, त्याला 'नुबेल' म्हणतात. मध्यरात्री त्याला खाली उतरवून त्याच्यावर खटला चालवतात. पगार कोणी उडवला? नुबेलने. नको त्या बाईचे चुंबन कोणी घेतले? नुबेलने. सगळी पापे त्याच्या माथी मारून लोक त्याला जाळतात आणि रडण्याचे सोंग करतात. पहिल्यांदा पाहिले तेव्हा मी नकळत तोंडावर हात नेला होता. बोंब बाहेर पडायची राहिली.

गुहागरी

ती बोंब बाहेर पडायला हवी होती.

आमच्याकडे शिमग्याला ग्रामदेवतेची पालखी घरोघरी येते, हे सर्वांना माहीत आहे. पण पालखीच्या पुढेमागे जे चालते ते या धाग्याशी जवळचे आहे. काळा अंगरखा, उंच टोपी आणि लांब दाढीचा संकासुर कोणाच्याही अंगावर धावून जातो, आणि एरवी गावकीत ज्यांच्यापुढे आवाज चढत नाही अशी माणसेसुद्धा त्याच्यापुढे पळतात. लुगडे नेसून नाचणारी गोमू हा पुरुषच असतो. होळीभोवती ज्यांच्या नावाने बोंबा ठोकल्या जातात ते दुसऱ्या दिवशी देवळात मानाच्या जागी बसलेले असतात आणि कोणी राग धरत नाही. धरला तरी दाखवत नाही. शिमगा सरला तरी कवित्व उरते, ही म्हण उगाच पडलेली नाही.

यावरून दोन्ही सण एकाच मुळातून फुटले असे मी म्हणणार नाही. कार्निव्हलच्या मागे सॅटर्नेलिया हा प्राचीन रोमन सण होता, त्याच्याही मागे आपली होळी होती, अशा साखळ्या लोक उत्साहाने जोडतात. सॅटर्नेलिया तर डिसेंबरात असायचा. थंडी सरताना चार दिवस मोठ्या माणसाची टोपी उडवावी असे वाटायला रोमकडून परवानगी आणावी लागत नाही. फरकही ठसठशीत आहे. शिमगा वर्ष संपताना येतो, त्याच्यापुढे उपवास नसून पाडवा असतो. आमच्याकडे राख आधी अंगाला फासतात आणि गोडधोड नंतर खातात. तिकडे खाणे आधी आणि राख नंतर.

मडगांवकर

धागाकर्त्यांनी जमनीवयल्या खेळाबद्दल लिहिले याचा आनंद झाला. मराठीत लिहिताना लोक सहसा मोमो राजाचे "खा, पिये आनी मजा कर" हे फर्मान लिहून थांबतात. काही भर घालतो.

माझ्या वडिलांच्या लहानपणी इंत्रुज म्हणजे कोकोत. कागदाच्या लहान पुड्यांत पीठ किंवा लाकडाचा भुसा भरून त्या एकमेकांवर फेकायच्या. पुडी फुटली की माणूस पांढरा. शंकेखोर यांनी सांगितलेला रिओचा दंगा आणि हा एकाच घरचा. बड्या घरांत 'असाल्तो' चालायचा, म्हणजे वाद्ये घेऊन एखाद्याच्या घरावर रात्री अचानक चाल करून जायचे आणि पहाटेपर्यंत नाचायचे. शब्दाचा अर्थच हल्ला. पणजीच्या क्लुब नासियोनालमधली मंगळवारची 'रेड अँड ब्लॅक' नृत्यरजनी ही त्या बड्या घरांच्या इंत्रुजची आजची आठवण. खेळ मात्र कष्टकऱ्यांचा होता. तो पुढे रंगमंचावर चढला, त्याला खेळ-तियात्र आणि मग नॉन-स्टॉप तियात्र म्हणू लागले (तियात्र म्हणजे गोव्यातले कोंकणी नाटक), आणि जमिनीवरचे खेळ कमी झाले. भाटकाराची थट्टाही आता पूर्वीइतकी धारदार राहिलेली नाही, कारण १९६४चा कूळ कायदा आणि १९७५चा मुंडकार कायदा यांनी भाटकाराचेच दात काढले. आजचे खेळे मंत्र्यांवर आणि जमिनी विकणाऱ्यांवर बोलतात, ते योग्यच आहे.

आणि चांदरचा मुसळ खेळ कोणी सांगितला कसा नाही? चांदर म्हणजे जुने चंद्रपूर, गोव्याच्या कदंब राजांची पहिली राजधानी. तिथल्या कोट वाड्यावरचे ख्रिस्ती चाड्डी (मूळ क्षत्रिय मानल्या जाणाऱ्या जातीचे) पुरुष इंत्रुजच्या सोमवारी रात्री डोक्याला मुंडासे बांधून, पायांत घुंगरू घालून, हातांत मुसळे घेऊन घरोघरी जातात आणि ती मुसळे तालावर जमिनीत आपटत नाचतात. विजयनगरच्या हरिहराने चोळांवर मिळवलेल्या विजयाची ही आठवण असे गावात सांगतात. चारशे वर्षांपूर्वी धर्म बदलला, पण मुसळ खाली ठेवले नाही. त्यासाठी इंत्रुजचाच सोमवार मिळाला, कारण त्या दिवसांत कोणी कशाला हरकत घेत नाही.

ता. क. : राखेच्या बुधवारला आम्ही कोंकणीत गोबराचो बुधवार म्हणतो. गोबर म्हणजे राख. घाटावरच्या पाहुण्यांनी कृपया नाक धरू नये.

शंकेखोर

चोळांची सत्ता १२७९च्या सुमारास संपली आणि विजयनगरची स्थापना १३३६ची मानतात. हरिहराने चोळांना हरवायचे तर त्यांना आधी उठवून बसवावे लागेल.

मडगांवकर

सनावळीचे तुमचे म्हणणे बरोबर आहे. पण सोमवारी रात्री चांदरला जाऊन हे त्या मुसळवाल्यांना सांगण्याची जबाबदारी मी घेणार नाही.

पूर्वी_पोर्ट_ऑफ_स्पेन

एक वेगळा मुद्दा. चार दिवस उलटापालट करू दिली की लोकांचा राग कुकरच्या शिट्टीसारखा निघून जातो आणि पाचव्या दिवशी मालक मालकच राहतो, असे कार्निव्हलबद्दल पुष्कळ अभ्यासक म्हणतात. धागाकर्त्यांच्या भाटकाराने पाकीट दिले तो प्रसंगही तसाच वाचता येईल. कॅरिबियन बेटांपैकी त्रिनिदादमध्ये तीन वर्षे काढल्यावर मला हे अपुरे वाटते. तिथे कार्निव्हल आणला फ्रेंच मळेवाल्यांनी आणि त्यात गुलामांना जागा नव्हती. १८३० च्या दशकात गुलामगिरी संपल्यावर तेच लोक मशाली, ढोल आणि लाठ्या घेऊन रस्त्यावर उतरले आणि उसाच्या मळ्याला आग लागल्यावर त्यांना जसे कामाला जुंपले जाई त्याचेच त्यांनी सोंग केले. त्याला 'कांबुले' म्हणतात, म्हणजे जळता ऊस. १८८१ साली पोलीस ते रोखायला गेल्यावर मोठी दंगल झाली. पुढे ढोलावर बंदी आली, तेव्हा लोकांनी बांबू जमिनीवर आपटून ताल धरला, आणि १९३० च्या दशकापासून डबे आणि तेलाची पिंपे ठोकून ठोकून स्टीलपॅन हे वाद्य घडवले. शिट्टीतून वाफ निघून गेली असती तर हे वाद्य जन्माला आले नसते.

सावंतवाडीकर (धागाकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. शंकेखोर यांचा गणेशोत्सवाचा दाखला बिनतोड आहे आणि नॉटिंग हिलला माझ्याकडे उत्तर नाही. 'ज्याला बुधवार नाही तो कार्निव्हल नव्हे' हे वाक्य मी मागे घेतो.

पण कोलोनची उलटी छत्री वाचल्यावर मला नेमके काय सलत होते ते सापडले. मिखाईल बाख्तिन या रशियन विचारवंताने कार्निव्हलबद्दल एक गोष्ट म्हटली आहे की त्यात नट आणि प्रेक्षक असे दोन वर्ग नसतात. तो पाहायचा नसतो, त्यात सगळे जगत असतात. कोलोनमध्ये समिती आहे, रथ आहेत, पैसाही आहे, पण बँकेच्या रांगेतल्या माणसाचा टाय सुरक्षित नाही. कोकोत फुटली की पांढरा होणारा माणूस प्रेक्षक राहत नाही. संकासुर अंगावर आला की पळावेच लागते. सासष्टीच्या अंगणात तर ज्याची थट्टा चालली होती तोच पुढच्या रांगेत होता आणि त्याच्या हसण्याशिवाय तो खेळ पुरा होत नव्हता. पणजीत मात्र माझे पाहुणे आणि रथ यांच्यामध्ये कमरेएवढा लोखंडी कठडा असतो. रथावरचा माणूस हात हलवतो, कठड्याअलीकडचा माणूस फोन उंच धरतो, आणि दोघांपैकी कोणाच्याही अंगाला पीठ लागत नाही. माझी तक्रार १९६५ या सालाबद्दल नाही, त्या कठड्याबद्दल आहे. गर्दी आवरायला तो लागतो हेही मला कळते.

भाटकाराच्या पाकिटाबद्दल मीही बराच विचार केला आहे. तो उदारपणा होता, की थट्टेची किंमत चुकती करून मोकळे होणे होते, हे मला आजही ठरवता आलेले नाही. माझ्या सहकाऱ्याला विचारले तेव्हा तो म्हणाला की पाकीट न देणाऱ्या घरावर पुढच्या वर्षी वेगळा खेळ बसवतात.

गुहागरी

हे शेवटचे वाक्य वाचून पुढच्या वर्षी यायचे ठरवले. शनिवारी नाही येत. सोमवारी चांदरला यायचे तर तारीख कोणती धरावी?

तिथीवार

२०२७ साली ईस्टर २८ मार्चला आहे. ४७ दिवस मागे जा : मंगळवार ९ फेब्रुवारी. तुमचा सोमवार ८ तारखेला. होळी त्या वर्षी बऱ्याच उशिरा आहे, त्यामुळे पालखीची जबाबदारी असली तरी अडचण येणार नाही.

मडगांवकर

संध्याकाळी लवकर या, खेळ रात्री सुरू होतो आणि वाड्यावरच्या वाटा अरुंद आहेत. गाडी बाहेर मोठ्या रस्त्यावर ठेवून आत चालत जा. कोणाच्या दारात उभे राहून पाहत असाल आणि घरच्यांनी आत बोलावले तर नाही म्हणू नका. बुधवारी सकाळपर्यंत राहिलात तर मात्र जेवणाचे सांगत नाही, पेज मिळेल.